पांढरी पाचच्या जरा वर

फाटकावरच्या फळ्यावर मीच खडूनं लिहिलं होतं:
शास्त्रीय गायन. सायंकाळी सहा. प्रवेश विनामूल्य.
‘मू’ ऱ्हस्व पडला होता,
ग्रंथालयाच्या बाईंनी बोटानं पुसून दीर्घ केला.

विद्यापीठाच्या सभागृहाचे पत्रे उतरवलेले,
म्हणून बैठक खाली, मत्स्यशाळेच्या पडवीत.
तीन सतरंज्या, त्यातली एक गावकीकडून मागून आणलेली.
वसतिगृहातली पोरं चहाच्या आशेनं पुढे बसली.
साखरतरची झुलेखा रिकामी टोपली बाहेर ठेवून आली.
मिरकरवाड्याचे दोन खलाशी आले,
त्यांना वाटलं, नुकसानभरपाईची सभा आहे.

केळुसकरबाई कुडाळहून एसटीनं आलेल्या.
तंबोऱ्याची खुंटी पिळता पिळता थांबल्या.
‘हे घूं घूं काय आहे?’
पंप, मी म्हटलं. हवेचा. भिंतीपलीकडे टाक्या आहेत.
‘दोन तास बंद नाही राहणार?’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बटणाकडे निघालो
तर दारात फरजाना सोलकर आडवी,
गमबूट, कोपरापर्यंत ओले हात.
चार नंबरच्या टाकीत तिची जिताड्याची पिल्लं,
नऊशे, अठरा दिवसांची, तांदळाच्या दाण्याएवढी.
‘वीस मिनिटांत उताणी होतील, सर.’
एवढंच बोलली.

बाई उठल्या. चपला दाराशी काढल्या,
तिथं कुणीच काढत नाही.
टाकीवर वाकल्या, मग पाइपाला कान लावला.
परत येऊन चारही तारा सैल केल्या
आणि पंपाला तंबोरा लावायला बसल्या.
पांढरी पाचच्या जरा वर, म्हणाल्या,
काळी चार मात्र नव्हे.

पेटीत असा सूर नसतो.
लांज्याहून खास आलेले सुर्वे गुरुजी
पेटी मिटून, तिच्यावर दोन्ही हात ठेवून
सबंध मैफल बसून राहिले,
जावयाच्या घरी बसावं तसे.

सतरा वर्षं मी तो पंप ऐकतोय.
खोलीत झोपलेला असलो
तरी तो थांबला की जाग येते.
त्याला सूर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मारवा, बाई म्हणाल्या.
ह्यात षड्जावर फार टेकायचं नसतं.
घरावरून जायचं, उंबरा शिवायचा नाही.
आणि त्या तशाच जात राहिल्या,
कोमल रिषभावर उभ्या, धैवतावर उभ्या,
भिंतीपलीकडून पंप तेवढंच एक सांगत राहिला.
‘आमच्या लाँचीचा इंजिन पन असाच बोलतो,’
खलाशी मोठ्यानं म्हणाला.
पोरं हसली. बाईंनी गाता गाताच मान डोलावली.

सात दहाला वीज गेली.

पंप थांबला.
तंबोऱ्यावरची पोरगीही घाबरून थांबली.
मी आणि फरजाना जनरेटरकडे धावलो,
अंधारात तिचा एक बूट निघून गेला.
दोरी ओढली. नाही.
पुन्हा ओढली. नाही.
आणि पडवीतून सा आला,
इतका वेळ टाळलेला,
सरळ, न हलणारा.
दम संपला की तुटायचा, पुन्हा तिथंच लागायचा.
मी दोरी ओढत होतो. किती वेळा, माहीत नाही.

इंजिन धरलं तेव्हा पंप खालून उठला,
बेसूर, खरखरत, चढत चढत
त्यांच्यापाशी आला.
मग त्यांनी सा सोडला.

चहा पुरला नाही.
झुलेखा टोपली डोक्यावर घेताना म्हणाली, पुन्हा कधी असतं?
मला माहीत नव्हतं.
फरजाना एका पायात बूट घालून टाकीवर विजेरी धरून मोजत होती.
नोंदवहीत लिहिलं:
वीज खंडित, सहा मिनिटं. मृत, तीन.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, तिनं विचारलं.
मी तेव्हा गुरुजींची पेटी घेऊन
थांब्यावर निघालो होतो.
जड होती.